घरचे डॉक्टर

डॉक्टर भट्टीवाल्याच्या घरी पहिल्यांदा आले ते म्हाताऱ्याच्या दम्यामुळे. म्हातारा म्हणजे भट्टीवाल्याचा बाप. सगळा जन्म विटांच्या भुकटीत आणि धुरात काढलेला. थंडी पडली की त्याच्या छातीत भाता सुरू व्हायचा. त्या संध्याकाळी तो उकिडवा बसून नुसता हवा ओढत होता, डोळे बाहेर आले होते. भट्टीवाला धावत दवाखान्यात गेला, तेव्हा डॉक्टर दाराला कुलूप लावत होते. गावात बदली होऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. ते तसेच निघाले. इंजेक्शन दिलं, वाफ दिली आणि म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. श्वास जागेवर आला तसं म्हाताऱ्यानं पहिलं काय विचारलं असेल, तर, "लेकरा, जेवलास का?"

डॉक्टर जेवले नव्हते. लग्न व्हायचं होतं. दवाखान्यामागच्या खोलीत एकटेच राहत, स्टोव्हवर काहीबाही उकडून खात. भट्टीवाल्याच्या बायकोनं ताट वाढलं. जेवण झाल्यावर भट्टीवाला फी द्यायला गेला, तर डॉक्टर म्हणाले, "राहू द्या, जेवणाचे वळते करून घ्या." सगळे हसले. मग कधी म्हाताऱ्याला बघायला म्हणून, कधी वाटेवरून जाता जाता म्हणून ते येत राहिले आणि पुढे पुढे तर कारण सांगायचीही गरज उरली नाही.

वर्ष सरेपर्यंत ते घरचेच झाले. पाण्याचा तांब्या स्वतःच्या हातानं भरून घेत. भट्टीवाल्याला दादा म्हणत, त्याच्या बायकोला वहिनी. डाळ अळणी झाली तर, "वहिनी, आज मिठाला सुट्टी का?" असं विचारत आणि ती हातातला डाव उगारी. भट्टीवाल्याची छाती फुगायची. गावातली बडी बडी माणसं दवाखान्याच्या ओसरीवर ताटकळायची आणि डॉक्टर मात्र त्याच्या स्वयंपाकघरात मांडी घालून बसायचे. भट्टीवरच्या माणसांना तो ऐटीत सांगे, "कुणाचं काही दुखलंखुपलं तर मला सांगा. डॉक्टर आपल्या घरचे आहेत."

त्या साली हवा बिघडली. विटा पाडायच्या ऐन दिवसांत आभाळ भरून यायचं. पडायचं थोडंच, पण कच्च्या विटेला थोडंही पुरे होतं. मातीत भुसा कालवून, चिखलाचा गारा तुडवून, साच्यातून काढलेल्या विटा अंगणभर ओळीनं मांडलेल्या असायच्या. त्यांच्यावर एक सर आली की कडा विरघळून त्यांचे पेढे व्हायचे. मग परत तीच माती, परत तेच तुडवणं. घरातलं सगळं माणूस आभाळाकडे बघत कामाला लागलं होतं. भट्टीवाल्याची बायको तर दिवस उजाडल्यापासून ओणवी. विटा एका अंगानं वाळल्या की त्या उभ्या करायच्या, पुरत्या वाळल्या की थप्पी लावायची, वारा आला की प्लास्टिकचा कागद धरायचा.

असाच एकदा कागद धरायला दोघं धावली. त्यानं एक टोक धरलं, तिनं दुसरं. कागद वाऱ्यानं फुगला आणि तिनं डावा हात वर नेला तो अर्ध्यातच थांबला. टोक सुटलं. कागद फडफडत जाऊन चिखलात पडला.

"अगं, धर ना नीट!" तो ओरडला.

तिनं उजव्या हातानं कागद ओढून आणला, कडेला दगड ठेवले. पाऊस आलाच नाही. सगळं झाकून झाल्यावर ती थप्पीला टेकून उभी राहिली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "अहो, मला त्या पेठेतल्या बाई डॉक्टरकडे घेऊन चला एकदा."

"कशाला?"

"गाठ आहे. इथे." तिनं छातीच्या डाव्या बाजूला हात नेला, पण टेकवला नाही. "दुखत नाही. पण मोठी झालीय."

"मग पेठेत कशाला? घरात डॉक्टर असताना?"

तिनं कडेच्या दगडावर आणखी एक दगड ठेवला. त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो म्हणाला, "त्यात काय एवढं? डॉक्टर आहेत ते. रोज शंभर माणसं बघतात."

"शंभर माणसं त्यांना वहिनी म्हणून डाळ वाढत नाहीत," ती म्हणाली.

हे त्याला खरं तर पटलं होतं. पण पेठेत जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा, वर आभाळाचं असं. आणि पेठेतल्या दवाखान्यात गावातलं कुणी ना कुणी भेटणारच. घरचे डॉक्टर सोडून हे इथे कसे, असं त्यानं विचारलं तर? गोष्ट डॉक्टरांच्या कानावर जाणार, त्यांना वाईट वाटणार. "मी बघतो," तो म्हणाला. "मी बोलतो त्यांच्याशी."

बोलला तो त्याच संध्याकाळी, जेवताना. दुसरीकडे कुठे बोलावं हे त्याला सुचलं नाही. म्हातारा शेजारी बसला होता. बायको भात वाढत होती. "डॉक्टर, हिला काहीतरी गाठ आलीय म्हणते," तो असं म्हणाला, जसं छपराला गळती लागलीय म्हणावं.

बायकोचा हात भांड्यातच थांबला. डॉक्टरांनी मान वर केली, तिच्याकडे बघितलं आणि लगेच ताटाकडे बघायला लागले. त्यांचे कान लाल झालेले भट्टीवाल्याला दिसले.

"कुठे, वहिनी?"

"काखेपाशी," ती म्हणाली. काखेपाशी नव्हती, पण त्याहून जवळचा शब्द तिला त्या ताटांसमोर उच्चारता आला नाही.

"दुखते?"

"नाही."

"वजनं उचलता ना एवढी. कधी कधी सूज येते तिथे." डॉक्टर भात कालवायला लागले. कालवून झालेला भातच ते पुन्हा कालवत होते. "गोळ्या देतो उद्या. आठवडाभर घ्या. नाही उतरली तर... तर बघू."

"बघ, सूज आहे नुसती," म्हातारा म्हणाला. "माझ्या आईला गुडघ्याएवढी गाठ होती मानेवर. ऐंशी वर्षं जगली."

सगळे हसले. बायकोही हसली. गोळ्या दुसऱ्या दिवशी कागदाच्या पुडीतून आल्या. तिनं त्या नेमानं घेतल्या. नंतर डॉक्टरांनी एकदा दारातूनच विचारलं, "वहिनी, बरं आहे ना आता?" ती म्हणाली, "हो." भट्टीवाला तिथेच फावड्याचा दांडा बसवत होता. ती "हो" म्हणाली तेव्हा तिनं आपल्याकडे बघितलं, हे त्यानं पाहिलं होतं. तो दांडा ठोकत राहिला.

पुढे हवा सुधारली आणि कामाला उसंत उरली नाही. भट्टी रचायची होती. विटांचे थर, मधे कोळसा, पुन्हा थर. बायको डोक्यावरून विटा नेत होती, पण पाटी चढवायला आता दुसऱ्या बाईला हाक मारत होती. डावा हात तिनं अंगाशी धरलेला असायचा, पंख मोडलेल्या कोंबडीसारखा. भट्टी पेटवायच्या आदल्या दिवशी ती पुन्हा म्हणाली, "अहो, कातडी ओढल्यासारखी झालीय. आता तरी न्या मला पेठेत."

तो कोळशात माखलेला, डोक्यात जळणाचा हिशोब. तो एकदम भडकला. "तुला तो परका वाटतो का? सख्खा दीर असता तर एवढं केलं नसतं त्यानं! लाज कसली धरतेस? दाखव त्याला एकदा आणि मोकळी हो. नाही दाखवायचं तर गप्प बस. मी तुला बाहेर नेणार, त्याला ते कळणार, उद्या माझा बाप गुदमरला तर तो येईल का धावत?"

तिनं एकदाच मान हलवली. होय म्हणायला की नाही म्हणायला, ते त्याला कळलं नाही. त्यानं विचारलंही नाही. तिनं पाटी उचलली, दुसऱ्या बाईला हाक न मारता.

भट्टी पेटली, धुमसली, निवली. विटा लालभडक निघाल्या. असा माल कित्येक वर्षांत निघाला नव्हता. गाड्या भरून गेल्या. आणि मग तिचा भाऊ आला.

तिचा भाऊ मोटारमेकॅनिक, तालुक्याला गॅरेज. बोलायला फटकळ, बहिणीवर जीव. बायकोला घेऊन तो सहज भेटायला आला होता. नणंद-भावजय मागच्या खोलीत बोलत बसल्या होत्या. थोड्या वेळानं भावजय बाहेर आली, नवऱ्याला बाजूला घेतलं, कानात काही सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मेहुणा भट्टीवाल्यासमोर येऊन उभा राहिला. "दाजी, कपडे बदला," एवढंच म्हणाला. "आत्ता निघायचं."

मोठ्या इस्पितळात जे व्हायचं ते झालं. सुई टोचली, तुकडा काढला, फोटो काढले. गाठ साधी नव्हती, काखेतही पसरली होती. ऑपरेशन झालं, एक छाती काढावी लागली. मग औषधांच्या बाटल्या हाताला लावायला जाणं-येणं सुरू झालं. केस गेले. जेवणाचा वास नकोसा झाला. इस्पितळातल्या सर्जननं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "आधी कुणाला दाखवलं होतं?"

"आमचे डॉक्टर आहेत गावात," भट्टीवाला म्हणाला.

"त्यांनी हात लावून बघितलं होतं?"

त्याची बायको खाटेवर पडून छताकडे बघत होती. "नाही," ती म्हणाली. "बघितलं नाही. गोळ्या दिल्या."

सर्जननं ते केसपेपरवर लिहून घेतलं. मेहुणा तिथेच उभा होता. त्यानं ऐकलं.

गावातले डॉक्टर ऑपरेशन झाल्याचं कळलं त्या दिवशी घरी आले होते. घरात म्हातारा एकटाच. त्याला तपासलं, औषध दिलं, जेवायला थांबले नाहीत. बायको घरी आल्यावरही एकदा आले. दारातच उभे राहिले. ती आत पडून होती, डोक्याला रुमाल गुंडाळलेला. "वहिनी," ते म्हणाले आणि पुढे त्यांना काही बोलताच येईना. तीच म्हणाली, "या ना, बसा." ते बसले नाहीत. त्यानंतर त्यांचं येणं बंद झालं. म्हातारा रोज संध्याकाळी विचारायचा, "लेकरू आलं नाही आज?" आणि भट्टीवाला त्याचं ताट पुढे सरकवायचा.

मेहुण्यानं तक्रार केली. डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला डॉक्टरांचंच एक मंडळ होतं, शहरात. वकिलाकडून सगळं लिहून घेऊन तो आला, बहिणीची सही घेतली. जाताना भट्टीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दाजी, तुम्ही देवमाणूस. तुम्ही त्याला घरात घेतलं, जेवू घातलं, आणि त्यानं हे केलं. साक्ष द्यायची बेधडक. घाबरायचं नाही." भट्टीवाल्याला तो हात खांद्यावर विटेच्या पाटीसारखा वाटला. मेहुण्याला खरं काय ते सांगून टाकावं, असं मनात आलं. पण तोंड उघडेपर्यंत मेहुणा गाडीला किक मारून गेला होता.

साक्षीच्या काही दिवस आधी डॉक्टर भट्टीवर आले. भट्टीवाला राख उपसत होता. डॉक्टरांचे बूट राखेत घोट्यापर्यंत रुतले. गालाची हाडं वर आली होती. दाढी वाढलेली. कुणाच्या हातचं खात नसणार, हे भट्टीवाल्याला न विचारताच कळलं.

"दादा, मला लेखी उत्तर द्यायला लावलं," ते म्हणाले. "त्यात मी लिहिलंय की मी तुम्हाला सांगितलं होतं. इस्पितळात न्या म्हणून. तोंडी सांगितलं होतं, असं."

भट्टीवाला फावड्यावर रेलून उभा राहिला.

"तुम्ही नुसतं हो म्हणा. कामाच्या घाईत राहून गेलं, म्हणा. तुम्हाला कुणी काही करणार नाही. माझं मात्र... माझी आई तिकडे एकटी आहे, दादा. मला दुसरं काही येत नाही." त्यांचा आवाज फाटला. "मी तपासायला हवं होतं. मला त्या रात्रीसुद्धा माहीत होतं. गोळ्या बांधताना माहीत होतं."

भट्टीवाल्यानं हो म्हटलं. आणि म्हणताना त्याला भीती वाटली नाही, उलट छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. डॉक्टरनं सांगितलं होतं, पण नवऱ्यानं नेलं नाही. खोटं होतं, पण त्याला ते खऱ्यापेक्षाही खरं वाटलं. सगळा दोष आपल्यावर येईल, मेहुणा चारचौघांत शिव्या घालेल, कदाचित हातही उचलेल. येऊ दे. एकदा ते झालं की मग नीट झोप तरी लागेल.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. लपवण्याचं बळच नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली होती, ऑपरेशनच्या बाजूचा हात उशीवर. तो हात आता सुजायचा, मळलेल्या पिठाच्या गोळ्यासारखा दिसायचा.

"म्हणजे सगळं तुम्ही अंगावर घेणार," ती म्हणाली.

"हो. डॉक्टर वाचतील. आणि माझीच तर चूक आहे."

"आणि मी?"

"तुझं काय? तुला कोण काय म्हणणार?"

"डॉक्टर म्हणणार, मी सांगितलं होतं. तुम्ही म्हणणार, हो, सांगितलं होतं. मग बाई काय करत होती घरात? तिला जीव नको झाला होता का? तिनं का नाही म्हटलं कुणाला?" तिला धाप लागली. ती थांबली, मग हळू आवाजात म्हणाली, "मी म्हटलं होतं. त्या कागदापाशी म्हटलं, भट्टीपाशी म्हटलं. तोंडातून शब्द निघत नव्हते तरी म्हटलं. माझी छाती गेली ती गेली. मी म्हटलं होतं, हे तरी पुसू नका."

तो उठून बाहेर गेला. पाण्याची बादली भरलेली होती, तरी त्यानं ती ओतून पुन्हा भरली.

शहरातली ती खोली मोठी आणि थंड होती. लांब टेबलापलीकडे तिघं बसले होते. मधे पिकल्या केसांचा अध्यक्ष, एका बाजूला चष्मेवाला, दुसऱ्या बाजूला एक बाई, तीही डॉक्टरच. अलीकडे एका खुर्चीत गावातले डॉक्टर, इस्त्रीच्या शर्टात. भट्टीवाल्याला समोर बसवलं. खुर्चीच्या हातांवर हात ठेवावेत की मांडीवर, हेच त्याला उमजेना. नखांतली लाल माती त्यानं सकाळी घासून घासून धुतली होती, ती तरीही तिथेच होती.

"डॉक्टरांनी तुमच्या पत्नीला तपासलं होतं का?" अध्यक्षानं विचारलं.

"नाही."

"इस्पितळात न्या, असा सल्ला दिला होता का?"

डॉक्टर त्याच्याकडे बघत होते. वर्षभर रोज जेवताना समोर असलेले ते डोळे. भट्टीवाल्याच्या घशात हो तयार होतं. त्यानं ते गिळलं.

"नाही, साहेब. सल्ला नाही दिला. गोळ्या दिल्या."

अध्यक्षानं डॉक्टरांकडे मान वळवली. "तुमचं लेखी उत्तर वेगळं आहे."

डॉक्टर उभे राहिले. उभं राहायची गरज नव्हती, पण राहिले. "लेखी उत्तर खोटं आहे," ते म्हणाले. "दादा... हे सांगतायत ते खरं आहे."

मंडळातली बाई पुढे झुकली. "डॉक्टर, तुमच्या दवाखान्यात नर्स आहे. तिला सोबत घेऊन तपासता आलं असतं. ते अवघड वाटलं, तर पेठेत बाई डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे चिठ्ठी देऊन पाठवता आलं असतं. ज्याला आपण तपासू शकत नाही, त्याला आपण औषध देत नाही. हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं का?"

"शिकवलं होतं."

"मग?"

"मी त्यांच्या हातचं जेवत होतो," डॉक्टर म्हणाले. "त्यांना उद्या पुन्हा तोंड दाखवायचं होतं मला."

बाईनं समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग ती भट्टीवाल्याला म्हणाली, "आता तुमच्या पत्नीशी बोलायचंय. त्यांना मोकळेपणानं बोलता यावं, म्हणून तुम्ही दोघंही बाहेर बसा."

बायको आत गेली. बाहेरच्या बोळात एकच बाक होता. मेहुणा खाली चहा प्यायला गेला होता. भट्टीवाला बाकाच्या एका टोकाला बसला, डॉक्टर दुसऱ्या. मधे दोन माणसांची जागा रिकामी. बंद दाराआडून बोलल्याचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. मधेच बायकोचा आवाज बराच वेळ एकसारखा चालू राहिला. इतकं ती घरी सलग कधी बोलली होती, ते भट्टीवाल्याला आठवेना. आत्ता ती काय सांगत असेल? भट्टीपाशी तो काय म्हणाला ते? शब्दाला शब्द? एका मनाला वाटत होतं, सांगून टाक बाई. दुसरं मन कान लावून बसलं होतं, आपलं नाव तर येत नाही ना म्हणून.

"वडिलांचा दम्याचा पंप संपत आला असेल," डॉक्टर समोरच्या भिंतीला म्हणाले.

"हो. थोडा आहे."

"संपला की मी..." ते थांबले. "नवीन कुणी डॉक्टर येतील, त्यांच्याकडून घ्या. डोस त्यांना सांगा. विसरू नका, दादा."

"नाही विसरणार."

बायको बाहेर आली, मागे मंडळातली बाई. तिनं बायकोचा सुजलेला हात कोपराखाली धरला होता. बायकोचे डोळे कोरडे होते. डॉक्टर उठले. ती त्यांच्यासमोर थांबली, क्षणभर काहीतरी बोलेल असं वाटलं. पण ती तशीच जिन्याकडे वळली. येताना बसमध्ये मेहुण्यानं सतरा वेळा विचारलं, "ताई, काय विचारलं? काय सांगितलंस?" ती म्हणाली, "झालं ते सांगितलं," आणि खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले.

मग वाट बघणं आलं. भट्टीवाला निकालाची वाट बघत होता, पण डॉक्टरांच्या नव्हे, स्वतःच्या. कुणी दार वाजवलं की तो हातातलं काम टाकून उठायचा. बायकोला विचारावं म्हणून तो कितीदा तिच्यापाशी जाऊन बसला. ती म्हणायची, "काय हवंय?" तो म्हणायचा, "काही नाही, पाणी देऊ?" तिला पाणी पाजून पाजून त्यानं बेजार केलं. तिच्या अंगावर हळूहळू मांस चढायला लागलं, डोक्यावर मऊ, करडे केस उगवले. ओझं उचलायला मनाई होती. तरी विटा पाडायचा मोसम पुन्हा आला तशी ती अंगणात येऊन बसायला लागली आणि मग बसून राहवेना म्हणून एका हातानं विटा उभ्या करायला लागली.

निकाल घेऊन मेहुणाच आला. डॉक्टरांना वर्षभर रोगी तपासायला बंदी केली होती. सरकारनं गावातूनही हलवलं होतं. ते आठ दिवसांपूर्वीच गेले होते, कुणाला न सांगता. जाताना म्हाताऱ्यासाठी नर्सच्या हाती दोन पंप ठेवून गेले होते. मेहुणा खुशीत होता. "आणि दाजी, तुमच्याबद्दल काय लिहिलंय माहितेय? कुटुंबानं डॉक्टरांवर पूर्ण विश्वास टाकला होता, असं. तुमच्यावर बोट म्हणून नाही. असायचं कारणच काय?" त्यानं पुन्हा खांद्यावर हात टाकला. म्हातारा आतून खोकत म्हणाला, "पोराला उगाच हाकललंत."

मेहुणा गेल्यावर भट्टीवाला अंगणात आला. ऊन कलतं होतं. बायको ओळीच्या मधे उकिडवी बसून विटा पालटत होती. उजव्या हातानं वीट उचलायची, फिरवायची, उभी ठेवायची, सरकायचं. तो तिच्यासमोर, ओळीच्या पलीकडे बसला.

"तू माझं सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

तिनं वीट उभी केली. "नाही."

"त्या बाईनं विचारलं नाही?"

"विचारलं. घरातून कुणी अडवलं का, असं विचारलं."

"मग?"

"मी म्हटलं, मी डॉक्टरांची तक्रार घेऊन आलेय. त्यांचं काय ते विचारा." तिनं पुढची वीट उचलली, खालची ओल अंगठ्यानं चाचपली. "डॉक्टरांचं त्यांच्यापुढे होतं. तुमचं त्यांच्यापुढे कशाला न्यायचं? ते माझ्यापाशी आहे."

त्याला वाटलं, ती आता बोलेल. शिव्या देईल, रडेल, ती वीट फेकून मारेल. तो मान खाली घालून थांबला. ती विटा पालटतच राहिली, तेव्हा तोच म्हणाला, "मग बोल की. काय बोलायचं ते बोल एकदा."

"बोलेन," ती म्हणाली. "घाई काय आहे? तुम्हाला कधी होती घाई?"

ती हातावर जोर देऊन उठली आणि पुढच्या ओळीला जाऊन बसली. तो होता तिथेच बसून राहिला. मग तिच्या मागे पालटायच्या राहिलेल्या विटा एकेक करून उभ्या करायला लागला.